ऊती संवर्धनात बाटली खराब होते तेव्हा: बुरशी, जिवाणू आणि त्यांचा माग

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवीन एक्सप्लांट (रोपाचे कापलेले तुकडे) बाटलीतल्या पोषक माध्यमावर लावले की शंभरातल्या तीस-चाळीस बाटल्या पहिल्याच आठवड्यात बुरशीने जातात. ब्लीचचं प्रमाण दुप्पट केलं तर कोंबच पांढरे पडून मरतात. ज्या वाचतात त्या दोन सबकल्चर (ताज्या माध्यमावर बदली) छान चालतात आणि तिसऱ्याला बुडाशी दुधाळ वलय दिसू लागतं. आता माध्यमात अँटिबायोटिक घालावं का, आणि घालायचं तर कोणतं?

अँटिबायोटिकवर मी येणार आहे, पण बऱ्याच पुढे. तुम्ही वर्णन केलेले हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्या आठवड्यातली बुरशी बाहेरून आलेली आहे: रोपाच्या सालीवरून, हवेतून, हातातून किंवा नीट न शिजलेल्या माध्यमातून. तिसऱ्या सबकल्चरचं दुधाळ वलय मात्र बहुधा रोपाच्या आतून आलं आहे. ब्लीच वाढवल्याने पहिल्याचा थोडा बंदोबस्त होतो, दुसऱ्याला त्याचा स्पर्शही होत नाही. म्हणून औषध बदलण्याआधी बाटली वाचायला शिका. इतकी वर्षं हे काम करताना मला सगळ्यात जास्त उपयोग याच एका सवयीचा झाला.

आधी हे लक्षात घ्या की आपण जे माध्यम ओततो त्यात लिटरला ३० ग्रॅम साखर असते, वर भरपूर क्षार आणि जीवनसत्त्वं, खोलीत २५ अंश तापमान आणि बाटलीत दमट हवा. चांगल्या परिस्थितीत कित्येक जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. आपला कोंब दुप्पट व्हायला आठवडे घेतो. एकदा आत शिरलेल्या जिवाणूशी ही शर्यत रोप कधीच जिंकत नाही, म्हणून त्याला आत येऊ न देणं किंवा आत आहे हे लवकर ओळखणं, एवढ्या दोनच गोष्टी आपल्या हातात राहतात.

बाटली वाचायची म्हणजे दोन गोष्टी पाहायच्या: डाग कधी दिसला आणि कुठे दिसला. एक्सप्लांटपासून लांब, माध्यमाच्या मोकळ्या पृष्ठभागावर दोन ते पाच दिवसांत एकटा गोल ठिपका उगवला, तर तो बीजाणू (बुरशीचं सूक्ष्म बीज) वरून पडलेला आहे. बाटली उघडी असताना हवेतून, बाहीवरून किंवा झाकणाच्या काठावरून. ठिपका एक्सप्लांटच्या सालीवर, कळीच्या खवल्यात किंवा पानाच्या बेचक्यात उगवला, तर निर्जंतुकीकरण तिथपर्यंत पोहोचलं नाही. वाढ माध्यमाच्या आत, खोलवर, काचेला लागून दिसली आणि त्याच बॅचच्या बऱ्याच बाटल्यांत दिसली, तर ऑटोक्लेव्हकडे, म्हणजे माध्यम दाबाच्या वाफेत निर्जंतुक करणाऱ्या यंत्राकडे वळा. चिमट्याने जिथे टोचलं नेमकं तिथेच, त्या खाचेतून पांढरी किंवा पिवळसर चिकट वाढ आली आणि ती एकाच बैठकीत लागोपाठ भरलेल्या बाटल्यांत असली, तर संशय हत्यारांवर. आणि तीन आठवड्यांनी किंवा तिसऱ्या सबकल्चरला, खोडाच्या बुडाभोवती धुक्यासारखं वलय आलं, तर ते आत राहणारे जिवाणू.

एक सावधगिरी: प्रत्येक ढगाळ वलय जिवाणूंचं नसतं. काही रोपांच्या कापलेल्या बुडातून फेनॉलिक द्रव्यं झिरपतात आणि माध्यम तपकिरी होतं. कधी क्षारांचा साका बसून पांढुरका ढग दिसतो. शंका आली तर त्या जागचं थोडं माध्यम लूपने उचलून पोषक आगारच्या प्लेटवर ओढा. दोन-तीन दिवसांत वसाहती उगवल्या तर जिवाणू किंवा यीस्ट. न उगवल्या तरी प्लेट लगेच टाकू नका, सावकाश वाढणारेही असतात. माध्यम घट्ट करायला आगारऐवजी जेलन गम वापरलं तर ते काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि असं धुकं कितीतरी आधी नजरेला पडतं. स्थापनेच्या टप्प्याला, म्हणजे एक्सप्लांट पहिल्यांदा बाटलीत लावताना, मी याच कारणासाठी जेलन पसंत करतो.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची चाचणी. एकाच दिवशी, एकाच बॅचच्या साठ बाटल्या घ्या. वीस बाटल्या उघडूच नका, तशाच ग्रोथ रूममध्ये ठेवा. पुढच्या वीस लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या झोतातल्या कामाच्या कपाटात) नेहमीसारख्या उघडा, चिमट्याने माध्यमाला टोचा, नेहमी लागतो तेवढा वेळ उघड्या ठेवा आणि एक्सप्लांट न लावता बंद करा. शेवटच्या वीसमध्ये नेहमीसारखे एक्सप्लांट लावा. दहा दिवस रोज पाहा. पहिल्या वीसमध्ये काही उगवलं तर दोष माध्यमाचा किंवा झाकणांचा. पहिल्या स्वच्छ आणि दुसऱ्या खराब निघाल्या तर दोष हात, हत्यारं किंवा लॅमिनारचा. फक्त तिसऱ्या खराब झाल्या तर दोष रोपाचा आणि त्याच्या निर्जंतुकीकरणाचा. एवढ्याने महिनाभराची चाचपड वाचते. नवीन माणूस कामाला आला की त्याच्या हातून मी मधल्या वीस बाटल्या करून घेतो, आणि त्या स्वच्छ निघेपर्यंत त्याला खऱ्या कल्चरना हात लावू देत नाही.

यासोबत प्रत्येक बाटलीवर तारीख, माध्यमाची बॅच, भरणाऱ्याची खूण, लॅमिनारचा क्रमांक आणि मातृरोपाचा (ज्यावरून एक्सप्लांट घेतला त्या रोपाचा) क्रमांक लिहा. माझ्या सुरुवातीच्या काळात मी सहा आठवडे ब्लीचची तीव्रता आणि वेळ बदलत बसलो होतो, कारण दूषित बाटल्यांचं प्रमाण एकदम वाढलं होतं. नोंदी मांडून बसल्यावर कळलं की खराब झालेल्या जवळजवळ सगळ्या बाटल्या ऑटोक्लेव्हच्या एकाच, मधल्या जाळीतल्या होत्या. मी घाईत बाटल्या एकमेकींना खेटून ठासून भरत होतो, वाफ मध्यापर्यंत जातच नव्हती. त्या सहा आठवड्यांत चांगल्या मातृरोपांचे कितीतरी कोंब मी ब्लीचने उगाच जाळले, याचं मला अजून वाईट वाटतं.

ऑटोक्लेव्हबद्दल म्हणूनच जरा थांबून सांगतो. १२१ अंश आणि १५ पौंड दाब हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण दाब दाखवणारा काटा तापमान दाखवत नाही. आत हवा अडकून राहिली असेल तर काटा १५ पौंडांवर जातो आणि तापमान मात्र खाली राहतं. अर्धीच हवा बाहेर गेली असेल तर त्याच १५ पौंडांवर आत सुमारे ११२ अंशच असतात, आणि तेवढ्याला बॅसिलस जिवाणूंचे टणक बीजाणू मरत नाहीत. त्यामुळे वाफ नळीतून अखंड, जोरात येऊ लागेपर्यंत झडप उघडी ठेवा, मग बंद करा आणि वेळ तिथून मोजा. वेळही बाटलीतल्या माध्यमाच्या आकारमानावर ठरते. २५ मिलिलिटरला २० मिनिटं पुरतात; एक लिटरच्या फ्लास्कला ४० मिनिटांच्या आसपास लागतात, कारण मधल्या द्रवाला तापायलाच वेळ जातो. लिटरभर माध्यम २० मिनिटं शिजवून मग निर्जंतुक बाटल्यांत ओतणाऱ्या प्रयोगशाळा मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्याकडे ‘कारण न सापडणारे’ जिवाणू नेहमी असतात.

उलट्या बाजूलाही टोक गाठू नका. जास्त शिजवलं की साखर फुटते, माध्यम पिवळं पडतं आणि पीएच खाली घसरतो. ५.८ ला लावलेलं माध्यम नेहमीच्या शिजवण्यानेही थोडं उतरतं, अति शिजवलं तर इतकं उतरतं की आगार नीट घट्ट होत नाही. आणि ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळ्या रेघा आल्या म्हणजे माध्यम निर्जंतुक झालं असं समजू नका, ती टेप फक्त उष्णता लागली एवढंच सांगते. खरी खात्री जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जिवाणूच्या बीजाणूंची कुपी मधल्या बाटल्यांत ठेवून होते. महिन्यातून एकदा तरी करा. थंड होताना बाटल्या बाहेरची हवा आत ओढतात, म्हणून ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या बाटल्या धुण्याच्या जागेजवळ, पंख्याखाली निवत ठेवू नका. स्वच्छ खोलीत न्या. भरलेलं माध्यम तीन ते सात दिवस तसंच ठेवून मगच वापरायचं, हा नियम मी कितीही घाई असली तरी मोडत नाही.

मातृरोपाकडे येऊ, कारण तुमच्या तीस-चाळीस टक्क्यांचा मोठा वाटा माझ्या अंदाजाने इथलाच आहे. शेतातून किंवा उघड्या बागेतून थेट आणलेल्या फांदीवर बुरशीचे इतके बीजाणू असतात की कोणतंही द्रावण कमी पडतं. शक्य असेल तर मातृरोपं निदान महिना-दोन महिने आडोशाला, कुंडीत ठेवा. पाणी मुळाशी द्या, पानांवर फवारून नको. ओली पानं म्हणजे बुरशीला आमंत्रण. एक्सप्लांट घेण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत बुरशीनाशकाची फवारणी करा. जुनी, खरबरीत साल असलेली फांदी टाळा. फांद्या छाटून आत पाण्यात किंवा निर्जंतुक वाळूत ठेवल्या आणि त्यांना नवीन फूट येऊ दिली, तर त्या कोवळ्या फुटीवर बाहेरच्या हवेचा मारा झालेलाच नसतो. लाकडी झाडांच्या बाबतीत या एका युक्तीने मला जितका फरक दिसला तितका कुठल्याही रसायनाने दिसला नाही. पावसाळी, दमट दिवसांत घेतलेले एक्सप्लांट नेहमीच जास्त खराब होतात. कोरड्या, उन्हाच्या काही दिवसांनंतर घ्या.

धुण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि म्हणून ते टाळलं जातं. वाहत्या नळाखाली अर्धा ते एक तास, आधी साबणाच्या पाण्याने हलक्या ब्रशने चोळून. माती आणि चिकट द्रव्य जागेवर राहिलं तर ब्लीचमधला क्लोरीन तिथेच खर्च होतो आणि जिवाणूंपर्यंत पोहोचायला काही उरत नाही. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद ते एक मिनिट. हे ७० टक्केच का, तर प्रथिनं मोडायला पाणी लागतं. ९५ टक्के अल्कोहोल पेशीचा बाहेरचा थर आखडवतो आणि आत कमी शिरतो. लव असलेल्या किंवा मेणचट पानांना अल्कोहोल ओलं करतं, त्यामुळे पुढचं द्रावण चिकटतं. अल्कोहोल जिवाणूंचे बीजाणू मारत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. पुढे हत्यारांच्या वेळी याचा पुन्हा उल्लेख येईल.

ब्लीचविषयी तुमची चूक प्रमाण वाढवण्यात झाली. बाजारातलं ताजं ब्लीच साधारण ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं असतं. त्याचं २० टक्के द्रावण केलं की सुमारे १ टक्का मिळतो आणि बहुतेक कोवळ्या कोंबांना १० ते १५ मिनिटं एवढं पुरतं. पुरत नसेल तर आधी बाटलीचं वय पाहा. उन्हात किंवा उष्ण जागी ठेवलेलं, अनेकदा उघडलेलं ब्लीच काही महिन्यांत बरंचसं निकामी होतं. मग शंभर मिलिलिटरला ट्वीन-२० या साबणासारख्या द्रव्याचे एक-दोन थेंब घाला, नाहीतर खवल्यांत आणि बेचक्यांत हवेचे बुडबुडे अडकून राहतात आणि त्याखाली बुरशी सुखरूप बसते. सतत हलवत राहा. जमत असेल तर पाच मिनिटं हलका निर्वात पंप लावा, बुडबुडे निघून जातात. हायपोक्लोराइटमधलं खरं मारणारं द्रव्य हायपोक्लोरस आम्ल आहे आणि ते पीएच ७ च्या आसपास जास्त तयार होतं. ब्लीच जात्याच खूप अल्कलीधर्मी असल्यामुळे बफरने पीएच उतरवलेलं सौम्य द्रावण तीव्र द्रावणापेक्षा चांगलं काम करू शकतं. पण आम्ल थेट ओतू नका. पीएच फार खाली गेला की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे.

नाजूक एक्सप्लांट जळत असतील तर एकाच तीव्र मार्‍याऐवजी दोन सौम्य मारे द्या. पहिल्या दिवशी कमी तीव्रतेचं द्रावण, मग निर्जंतुक पाण्यात किंवा ओल्या निर्जंतुक कागदावर रात्रभर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सौम्य द्रावण. रात्रीत उरलेले बीजाणू रुजतात, आणि रुजलेला बीजाणू सुप्त बीजाणूपेक्षा कितीतरी सहज मरतो. सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट हे दुसरं सौम्य साधन आहे, त्यात जास्त वेळ ठेवलं तरी ऊती कमी भाजतात.

मर्क्युरिक क्लोराइडचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच: ०.१ टक्का, तीन ते दहा मिनिटं. ते प्रभावी आहे, यात वाद नाही. पण पारा कुठेही नाहीसा होत नाही. धुतलेलं प्रत्येक पाणी, प्रत्येक कागद घातक कचरा होतो, आणि तो सिंकमध्ये ओतणं हा गुन्हाच मानायला हवा. हे द्रावण हाताळणारी बहुतेक कोवळी मुलं-मुली असतात आणि त्यांना या विषाची पुरेशी कल्पनाही दिलेली नसते. मी ते वापरणं सोडून फार वर्षं झाली, आणि मातृरोपाची तयारी नीट केली तर त्यावाचून अडत नाही.

शेवटच्या धुण्याचं पाणी वाया घालवू नका. तीन ते पाच वेळा निर्जंतुक पाण्याने धुतल्यावर त्या शेवटच्या पाण्याचा थेंब पोषक आगारवर पसरा. त्यात वाढ आली तर पृष्ठभाग स्वच्छ झालाच नव्हता. पाणी स्वच्छ निघालं आणि एक्सप्लांट तरीही खराब झाला, तर शत्रू आत आहे आणि ब्लीच वाढवून काही मिळणार नाही. ब्लीच लागून पांढरी पडलेली दोन्ही टोकं लावण्यापूर्वी कापून टाका. आणि स्थापनेच्या टप्प्यात एका नळीत एकच एक्सप्लांट लावा. पाच लावले आणि एक बिघडला की पाचही जातात.

लॅमिनारबद्दल दोन-तीनच गोष्टी. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते, पण हा वारा फक्त गाळणी आणि तुमची उघडी बाटली यांच्यामध्ये काही आलं नाही तरच उपयोगी. हात, स्टँड, बाटल्यांची रास मध्ये आली की तिच्यामागे हवा गिरक्या घेते. कडेपासून वीतभर आत काम करा, सुरू करून १५ ते ३० मिनिटांनी सुरुवात करा आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ०.४५ मीटरच्या आसपास आहे का हे वर्षातून एकदा तरी मोजून घ्या. यूव्ही दिव्यावर फार विसंबू नका. सावलीत त्याचा परिणाम शून्य आणि जुना दिवा निळा दिसत राहतो तरी त्यातली मारक शक्ती कमी झालेली असते. पोषक आगारच्या चार प्लेटी चार कोपऱ्यांत तासभर उघड्या ठेवा. एकही वसाहत यायला नको.

हत्यारांचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण बॅसिलस वर्गाचे जिवाणू प्रयोगशाळाभर पसरतात ते बहुतेक याच वाटेने. चिमटा अल्कोहोलमध्ये बुडवायचा, ज्योतीवर पेटवायचा आणि लगेच वापरायचा, ही सर्वत्र चालणारी रीत आहे. त्यात फक्त अल्कोहोल जळतं. धातू बीजाणू मरण्याइतका तापत नाही. आणि त्या अल्कोहोलच्या ग्लासात दिवसभर आगारचे तुकडे, रोपाचा चोथा आणि बीजाणू साठत जातात. एक दूषित बाटली सकाळी उघडली की दुपारपर्यंत तो ग्लास सगळ्यांना वाटत बसतो. काचेच्या मण्यांचं २५० अंशांचं निर्जंतुकीकरण यंत्र घ्या. चिमट्यावरचं आगार आधी पुसून काढा, मग मण्यांत १५ सेकंदांच्या आसपास. दोन-तीन जोड्या आळीपाळीने वापरल्या म्हणजे एक निवत असताना दुसरी हातात असते. प्रत्येक बाटलीनंतर हत्यार बदला. मातृसाठ्याच्या कामात तर याला अपवादच नको. आणि ज्योत वापरत असाल तर अल्कोहोलने ओले हातमोजे घालून ज्योतीजवळ जाऊ नका, हातमोजे पेट घेतात.

दुधाळ वलयाकडे वळू. केळी, बांबू, आलं, ऊस यांसारख्या पिकांत जिवाणू वाहिन्यांत आणि पेशींच्या मधल्या पोकळीत वर्षानुवर्षं राहतात. आपलं माध्यम मुख्यत्वे साखर आणि अजैव क्षारांचं असतं, पुष्कळ जिवाणूंना ते तितकंसं मानवत नाही, म्हणून ते सुरुवातीला संख्येने कमी आणि अदृश्य राहतात. मग दर सबकल्चरला कापलेल्या बुडातून रस झिरपतो, त्यांना अमिनो आम्लं मिळतात, आणि एक दिवस वलय दिसतं. वलय न दिसताही ते असू शकतात. गुणाकाराचा (कोंबांची संख्या वाढण्याचा) दर हळूहळू पडणं, पानं फिकी पडणं, मुळं न फुटणं या त्यांच्या खुणा आहेत. हिशोब पाहा: एका सबकल्चरला चार पटीने वाढणारा एक लपून दूषित असलेला गुच्छ पाच सबकल्चरनंतर १,०२४ बाटल्यांत पोहोचलेला असतो.

म्हणून तपासणी डोळ्यांवर सोडायची नाही. खोडाच्या बुडाचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा कापा, निर्जंतुक पाण्यात चिरडा आणि पेप्टोन व यीस्ट अर्क असलेल्या माध्यमावर पसरा, सोबत त्याच घटकांच्या द्रव नळीतही टाका. २८ ते ३० अंशांना ठेवून तीन आठवडे पाहा. कोणतंही एक माध्यम सगळ्या जिवाणूंना पकडत नाही, म्हणून दोन प्रकारची वापरा. आणि एकदा स्वच्छ निघालं म्हणजे झालं असं नाही. लागोपाठ तीन सबकल्चरला स्वच्छ निघालेली ओळच (एका एक्सप्लांटपासून वाढवलेले सगळे कोंब) मी साठ्यात घेतो.

आता अँटिबायोटिक. ते गुणाकाराच्या माध्यमात कायम घालण्याच्या मी ठाम विरोधात आहे. बहुतेक वेळा ते जिवाणूंना मारत नाही, दाबून ठेवतं. बाटल्या स्वच्छ दिसतात, आपण निर्धास्त होतो, आणि अँटिबायोटिक काढलं किंवा रोप कुंडीत गेलं की सगळं उसळून वर येतं. मध्यंतरी प्रतिरोधक जिवाणू निवडले गेलेले असतात. एखादी दुर्मीळ ओळ, जिचं दुसरं मातृरोपच उरलं नाही, ती वाचवायला मात्र जरूर वापरा, आणि नीट वापरा. आधी तो जिवाणू वेगळा करा, औषधाच्या चकत्या ठेवून कोणत्याने मरतो ते पाहा. निवडताना बीटा-लॅक्टम गटाला पहिली पसंती द्या: सेफोटॅक्सिम २५० ते ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर. हा गट जिवाणूंच्या पेशीभित्तिकेवर मारा करतो आणि तशी भित्तिका वनस्पतीत नसते. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, टेट्रासायक्लिन हे जिवाणूंच्या रायबोसोमवर काम करतात, आणि हरितलवकांचे रायबोसोम जिवाणूंसारखेच असल्यामुळे पानं पांढरी पडतात. सेफोटॅक्सिम ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून ५० अंशांपर्यंत निवलेल्या माध्यमात घाला. बाटलीतही ते हळूहळू मोडतं, म्हणून दर १० ते १४ दिवसांनी नव्या माध्यमावर हलवा. तीन-चार फेऱ्यांनंतर अँटिबायोटिक बंद करा आणि वरची तपासणी पुन्हा तीन वेळा. ती न करता केलेल्या उपचारावर विश्वास ठेवू नका.

आयसोथायझोलोन वर्गातली जैवनाशकं उष्णतेला टिकतात, लिटरला अर्धा ते दोन मिलिलिटर घालून ऑटोक्लेव्ह करता येतात आणि बुरशी-जिवाणू दोन्हींचे तुरळक बीजाणू रोखतात. स्थापनेच्या टप्प्यात त्यांचा उपयोग होतो. भरपूर दूषित एक्सप्लांटला ती वाचवत नाहीत, आणि जास्त मात्रेत काही रोपांची मुळं अडतात.

माझ्या मते आतल्या जिवाणूंवर खरा उपाय लहान एक्सप्लांटचा आहे. ०.३ ते ०.५ मिलिमीटरचा वर्धी अग्र (कोंबाचं वाढतं टोक) सूक्ष्मदर्शकाखाली काढा. तिथे वाहिन्या अजून पूर्ण घडलेल्या नसतात, त्यामुळे जिवाणू आणि विषाणू दोन्ही कमी पोहोचतात. मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये डेलियाची विषाणूमुक्त रोपं याच वाटेने मिळवली होती. शंभर अग्रांतून कदाचित वीसच जगतील, पण त्या वीसांवर पुढे हजारो रोपं निर्धास्तपणे उभी करता येतात.

कोळी किड्यांबद्दल (माइट्स) थोडं, कारण ते उशिरा ओळखू येतात. माध्यमावर बुरशीचे बारीक ठिपके पावलांसारखे ओळीने उमटले असतील किंवा शेजारशेजारच्या बाटल्या काठाकडून आत खराब होत गेल्या असतील, तर कोळी फिरतायत असं समजा. ती संपूर्ण मांडणी बंद अवस्थेत ऑटोक्लेव्ह करा, रॅक पुसा, आणि ग्रोथ रूममध्ये पुठ्ठ्याची खोकी व कुंड्या कधीच येऊ देऊ नका. मातृरोपांचं काम दिवसाच्या शेवटी करा. तिथून येऊन त्याच कपड्यांत लॅमिनारला बसू नका. ग्रोथ रूममध्ये तापमान चढउतार कमी ठेवा. दिवे बंद झाले की बाटलीतली हवा आकसते आणि झाकणाच्या फटीतून बाहेरची आत येते, म्हणून त्या खोलीतल्या हवेची स्वच्छता आणि एसीच्या गाळण्या यांकडे लॅमिनारइतकंच लक्ष हवं. बुरशी दिसलेली बाटली कधीही उघडून पाहू नका. बुरशीने बीजाणू धरलेले असतात आणि झाकण उघडताच ते खोलीभर जातात. बंद ठेवूनच १२१ अंशांना निदान ३० ते ४५ मिनिटं शिजवा, मग धुवा.

तर तुम्ही पुढच्या आठवड्यात असं करा. तिसऱ्या सबकल्चरच्या सगळ्या ओळींचा गुणाकार आजच थांबवा. प्रत्येक ओळीच्या दोन-तीन बाटल्यांची बुडं तपासायला लावा, वलय दिसत नसलेल्यांचीही. साठ बाटल्यांची चाचणी त्याच दिवशी सुरू करा. मातृरोपं आडोशाला हलवा आणि पाणी वरून देणं बंद करा. तीन आठवड्यांनी तपासणीचे निकाल येतील तेव्हा ज्या ओळी दूषित निघतील त्या, कितीही जोमदार दिसत असल्या तरी, बाजूला काढा. त्यांतली जिचं मातृरोप जिवंत आहे ती नष्ट करून वर्धी अग्रापासून नव्याने सुरू करा, आणि जिचं मातृरोप उरलेलं नाही, फक्त तिच्यासाठी सेफोटॅक्सिमची बाटली उघडा.